तेरणेवरची थांबलेली हवा

पंचशीला हनवते मूळची उमरीची. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यामुळं तिचं लहानपण रुळांच्या कडेच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी तेलंगणच्या सीमेवरच्या धर्माबादकडची माणसं. त्यांच्या संगतीनं तिला तेलुगू बरंच समजायचं, थोडं बोलताही यायचं. नांदेडला तिनं नर्सिंगची पदवी घेतली, पुढचा कोर्स केला आणि समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तिला नेमणूक मिळाली ती थेट निलंगा तालुक्यात, तेरणा नदीच्या पलीकडच्या हिंगणवाडीच्या उपकेंद्रात. ऑर्डर हातात आली तेव्हा वडील म्हणाले, तू सीमेवरचीच पोर, तुला काय जड जाणार. पण ही सीमा वेगळी होती. इथं बायका पाण्याला जाताना, भांडताना, लेकराला रागावताना मराठीतून कधी कानडीत शिरायच्या ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. पंचशीलाला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिच्याशी सगळे मराठीतच बोलत, म्हणून पहिलं वर्ष तिचं काही अडलं नाही.

उपकेंद्राच्या गच्चीवर एक गोल डिश होती. निलंग्याच्या टॉवरवरून नदीवरून सरळ रेषेत येणारी लहर ती डिश धरायची आणि त्यावर उपकेंद्राचं इंटरनेट चालायचं. त्याच इंटरनेटवर दर गुरुवारी सकाळी लातूरच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. भार्गवी उदगीरकर पडद्यावर यायच्या. त्यांच्या आठवड्यात ही सकाळची वेळ तेवढी मोकळी होती. नंतर त्यांची ओपीडी सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. बाईंचं शिक्षण गुलबर्ग्याला झालेलं, त्यामुळं कानडी अस्खलित. म्हणूनच पंचशीलानं रत्नम्माला त्यांच्यापुढं बसवायचं ठरवलं.

रत्नम्मा पासष्टीच्या घरातली बाई. माहेर कर्नाटकात, औरादच्या बाजूला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची मराठी सुना-नातवंडांपुरती होती. देवाशी आणि नवऱ्याशी ती कानडीतच बोलायची. आदल्या हिवाळ्यात नवरा शेतात वारला. ज्वारी हुरड्याला आली होती, राखणीला दोघं म्हातारा-म्हातारीच शेतात होते आणि बाकीचं घर उदगीरला लग्नाला गेलेलं. घरची माणसं सांजच्याला परत आली तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन रत्नम्मा बांधावर बसली होती. तो सकाळी गेला की दुपारी, कसा गेला, काही म्हणाला का, यातलं तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. मग हळूहळू ती बाकीचंही बोलायची थांबली. 'नको', 'हं', एवढंच. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खायची. शेताच्या वाटेला तर ती पुन्हा कधी गेलीच नाही.

मुलगा सिद्धेश्वर आणि सून उमादेवी, दोघंही मायाळू. त्यांनी तिला एकदा लातूरला न्यायला काढलं. निलंग्याच्या बसस्टँडवर ती गाडीतून उतरली आणि फरशीवर बसली ती उठेना. शेवटी परत आणावं लागलं. त्यानंतर उमादेवी एक दिवस उपकेंद्रात आली आणि पंचशीलाला म्हणाली, "सिस्टर, तुमच्या टीव्हीतल्या डॉक्टरीनबाईला दाखवून बघू का? चालत येतील आत्याबाई, एवढ्याला तरी."

श्रावणात सुरुवात झाली. पहिल्यांदा रत्नम्मा पदराआडून पडद्याकडं बघत राहिली. डॉक्टरबाई कानडीत काहीबाही विचारायच्या, हसायच्या, स्वतःच उत्तर द्यायच्या. घरच्यांनी बाहेर थांबायचं, फक्त सिस्टरनं आत बसायचं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. झोप लागायला लागली. भादव्यात रत्नम्माचा पदर खांद्यावर आला. एकदा डॉक्टरबाई काहीतरी म्हणाल्या आणि म्हातारीच्या ओठाची कड हलली. पंचशीलानं ते उमादेवीला सांगितलं आणि ती हसली की नाही यावर दोघी वाटेनं बोलत गेल्या.

डॉक्टरबाईंनी पंचशीलाला फोनवर बजावलं होतं. "ह्या बोलतील. आपण ओढून काढायचं नाही. एकदा बांध फुटला की मात्र मध्ये बोलू नका, पाणीसुद्धा पुढं करू नका. नुसतं बसून राहा."

पावसाळाभर चित्र स्वच्छ होतं. गावातल्या लोकांना वाटायचं, पाऊस आला की नेट जाणार. उलट भुरभुर पडत असली, वारा सुटलेला असला की डॉक्टरबाईंच्या कपाळावरची टिकलीसुद्धा दिसायची. दिवाळी झाली, आभाळ मोकळं झालं, थंडी पडली आणि गुरुवारची सकाळ बिघडायला लागली. चित्र मध्येच थांबायचं, आवाज तुटायचा, मग सगळंच जायचं. सूर्य चांगला वर आला की आपोआप ठीक. मोबाईलवरून जमेल म्हणून पंचशीलानं बघितलं, तर गावातला मोबाईलचा टॉवरही नदीपलीकडून तसल्याच डिशवर चालणारा. दोन्ही एकदमच आजारी पडायचे.

तिनं तक्रार केली. मिहिर नावाचा इंजिनिअर लातूरहून आला, पण त्याला यायला दुपार झाली. तोवर सगळं उत्तम चाललेलं. त्यानं गच्चीवर जाऊन डिश तपासली, जोडण्या तपासल्या, लॅपटॉपवर आकडे बघितले आणि काही दोष नाही असं सांगून गेला. पंचशीलानं पुन्हा तक्रार केली, तो पुन्हा दुपारी आला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला की आदल्या दिवशीच येऊन निलंग्याला मुक्काम करतो, म्हणजे उजाडताच पोचता येईल.

त्या सकाळी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गच्चीवर उभं राहून दोघं नदीकडं बघत होते. बंधाऱ्यात पाणी तुडुंब होतं, त्यावर धुक्याचा पातळ पट्टा पसरलेला. पलीकडं ऊस घेऊन कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरचा धूर निघत होता, पण तो वर जात नव्हता. थोडा चढून आडवाच पसरत होता, जणू वरती कुणी काच धरलीय.

"तो धूर बघा, म्याडम," मिहिर म्हणाला. "रात्री वारा पडतो. पाण्यालगतची हवा गार होऊन बसते, वरती उबदार हवेचा थर. आपली लहर त्या थरातून येताना वाकते. एक सरळ येते, एक वरून वाकून येते, अन् दोघी इथं एकमेकींना मारतात. ऊन तापलं, वारा सुटला की थर मोडतो. मग मी येतो तेव्हा सगळं बरोबर."

लहरीचा जोर वाढवता येत नाही का, असं पंचशीलानं विचारलं. तो म्हणाला, जोर वाढवला की दोघींचाही वाढतो, भांडण तेच राहतं. इलाज एकच, खाली थोड्या अंतरावर दुसरी डिश बसवायची. एकीला मार बसतो तेव्हा दुसरीला बहुतेक बसत नाही. तसा प्रस्ताव तो पाठवणार होता, पण एका उपकेंद्राच्या दोन-तीन तासांसाठी तो मंजूर कधी होईल हे त्याच्या हातात नव्हतं. जाताना तो ओशाळून म्हणाला, "मशीन बिघडलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं. हवेला काय करू?"

मग वेळ बदलून बघायचं ठरलं. डॉक्टरबाईंनी मोठ्या मुश्किलीनं एका दुपारी अर्धा तास काढला. त्या दुपारी उपकेंद्रात लसीकरण होतं, व्हरांड्यात रडणारी लेकरं, बायकांची गर्दी. रत्नम्मा दारापर्यंत आली, गर्दी बघितली आणि वळून घराकडं चालू लागली. डॉक्टरबाईंना पुन्हा तसा वेळ काढता आला नाही. राहिली ती गुरुवारची सकाळच. मिळेल तेवढं मिळेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मार्गशीर्षातला एक गुरुवार. कडक थंडी, आभाळ निळंशार, झाडाचं पान हलत नव्हतं. पंचशीलानं उठल्याउठल्या बाहेर बघितलं. स्वच्छ हवेची तिला आता धास्तीच वाटायची. पण पडदा सुरू केला तर चित्र आलं, चांगलं आलं. उमादेवी सासूला आत बसवून बाहेर लिंबाखाली जाऊन उभी राहिली. पंचशीलानं दार लोटलं.

डॉक्टरबाई थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं. त्यातला 'यजमान' एवढाच शब्द पंचशीलाला कळला, कारण तो मराठीतही तोच. विचारून त्यांनी हनुवटी हातावर टेकली आणि रत्नम्माकडं बघत राहिल्या.

रत्नम्मानं मान खाली घातली. आणि तेवढ्यात चित्र थांबलं.

पंचशीलाला ते लगेच कळलं. डॉक्टरबाईंच्या मागं खिडकीचा पडदा हलत होता, तो अर्ध्यात थबकला होता. स्पीकरमधली बारीक खरखर बंद झाली. ती उठून माऊसकडं हात नेणार, इतक्यात रत्नम्मानं मान वर केली. समोर डॉक्टरबाईंचा चेहरा होता. हनुवटी हातावर, डोळे म्हातारीवर रोखलेले, पापणीसुद्धा न हलवता ऐकणारा. आणि रत्नम्मा बोलायला लागली.

आधी आवाज फुटेना. वर्षभर न वापरलेला गळा तो. मग शब्द यायला लागले, एकामागं एक, सगळे कानडीत. पंचशीलाचा हात हवेत राहिला. तिला सांगायला हवं होतं की आज्जी, थांबा, त्यांना ऐकू जात नाहीये. पण मध्ये बोलू नका, असं बजावलेलं होतं. आता थांबवलं आणि ही पुन्हा कधीच बोलली नाही तर? तिनं हात मागं घेतला, खुर्चीवर बसली आणि देवाला न मानणारी ती पोर मनातल्या मनात विनवत राहिली, येऊ दे, चित्र येऊ दे.

चित्र आलं नाही. रत्नम्मा बोलत होती. एकदा तिनं दोन्ही हातांचा कर्णा करून तोंडापाशी धरला, लांब कुणाला हाक मारावी तसा. एकदा पदराचं टोक हातात घेऊन समोरच्या हवेतलं कुणाचं तरी तोंड पुसलं. आवाज चढला, मग इतका उतरला की ओठच हलताना दिसत होते. एक वाक्य मात्र ती पुन्हापुन्हा म्हणत होती, तेवढंच पंचशीलाच्या कानात बसलं. बाकीचे शब्द तिच्यावरून वाहून गेले. एका हाताच्या अंतरावर बसून तिनं सगळं ऐकलं आणि तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

बोलून झाल्यावर रत्नम्मा पडद्याकडं बघत राहिली. उत्तराची वाट बघत होती. डॉक्टरबाई तशाच, हनुवटी हातावर. मग पडदा काळा झाला आणि मधोमध एक गोल फिरायला लागला.

रत्नम्मा पंचशीलाकडं वळली. "बाई काय म्हणल्या?" तिनं मराठीत विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, सगळं ठीक होईल, असं काहीतरी. पंचशीलाला ते जमलं नाही. ती म्हणाली, "आज्जी, त्यांना ऐकू गेलं नाही. लाईन बंद पडली होती."

रत्नम्मानं तिच्याकडं नीट बघितलं. रागावली नाही, रडली नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि उठून दाराकडं गेली.

बाहेर उमादेवीचे डोळे भरलेले होते. आवाज तिला ऐकू आला होता, शब्द नाही. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. "बोलल्या की हो आत्याबाई," ती म्हणाली. "काय म्हणल्या?" पंचशीलानं आतलं बाहेर सांगता येत नाही असं सांगितलं. ते खरंच होतं, नियमच तसा. पण उमादेवी कानडी जाणणारी, तिच्यापुढं ते एक वाक्य म्हणून दाखवावं आणि अर्थ विचारावा, असं पंचशीलाच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं. घरच्यांपासून जे लपवून म्हातारी वर्षभर गप्प राहिली, ते त्यांच्याच दारात नेऊन टाकायचं कसं?

ऊन चढल्यावर नेट आलं, फोनही लागला. डॉक्टरबाईंनीच केला. लाईन गेल्याबद्दल वाईट वाटलं म्हणाल्या आणि विचारलं, आज्जी कशा आहेत.

"बोलल्या, म्याडम," पंचशीला म्हणाली. "खूप वेळ बोलल्या. तुमच्याकडं बघून."

डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, "काय बोलल्या?"

"कानडीत बोलल्या."

डॉक्टरबाई म्हणाल्या, जेवढं आठवतंय तेवढं जसंच्या तसं म्हणा. पंचशीलानं प्रयत्न केला. तोंडात आलेले आवाज अर्धे तिचे तेलुगूचे होते, अर्धे कशाचेच नव्हते. डॉक्टरबाई 'परत म्हणा, परत म्हणा' म्हणत राहिल्या. शेवटी ते एक वाक्य तिनं म्हटलं, जे म्हातारी पुन्हापुन्हा म्हणत होती. "यारू बरलिल्ला."

"कुणी आलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणीच आलं नाही, असा अर्थ आहे त्याचा."

एवढंच हाती लागलं. शेतात म्हातारा पडला असेल, तिनं हाका मारल्या असतील, कुणी आलं नसेल. एवढं कुणालाही जोडता आलं असतं. पण ती नुसती जोडाजोड झाली. तो किती वेळ जिवंत होता, तिला काय म्हणाला, ती कुणाला हाका मारत होती, कुणावर तिचा राग होता की फक्त स्वतःवर, हे सगळं त्या खोलीत सांगून झालं होतं आणि ज्याला ते कळलं असतं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी वारा सुटला होता, ढगही होते. चित्र तासभर एकदाही अडकलं नाही. रत्नम्मा आली, बसली. डॉक्टरबाईंनी तिची कानडीत माफी मागितली. काय म्हणत आहेत ते पंचशीलाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पुन्हा सांगाल का, असंही त्यांनी विचारलं असणार. रत्नम्मानं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाली, बहुतेक दोघींनाही कळावं म्हणून, "एकदा सांगितलं की."

त्यानंतर ती उपकेंद्रात आली नाही. पंचशीला गोळ्या घेऊन घरी जायची. म्हातारी हात पुढं करायची, तिच्यासमोर गोळी गिळायची आणि पुन्हा भिंतीला टेकून बसायची. माघात एका रविवारी डॉक्टरबाई स्वतःची गाडी काढून गावात आल्या. दिवसभर ओट्यावर तिच्याशेजारी बसल्या, शेंगा सोलू लागल्या. रत्नम्मानं त्यांचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, बांगड्यांवरून बोट फिरवलं. बोलली नाही. निघताना डॉक्टरबाई गाडीत बसून बराच वेळ स्टिअरिंग धरून होत्या. पंचशीलाला म्हणाल्या, "आपल्याकडनं काही चुकलं नाही, सिस्टर. मी हे स्वतःलाच सांगून बघितलंय. उपयोग होत नाही."

चैत्रात औरादच्या बाजूनं रत्नम्माचा भाऊ आला आणि बहिणीला चार महिने माहेरी नेतो म्हणाला. सिद्धेश्वरनं नको म्हटलं नाही. ते गाव दुसऱ्या राज्यातलं. तिथं ना पंचशीलाचं उपकेंद्र, ना गुरुवारची सकाळ. तिकडच्या आरोग्य केंद्रासाठी तिनं चिठ्ठी दिली, दोनदा फोन केला. तिकडची सिस्टर भली होती, पण तिच्याकडं मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही आले तर.

वैशाखात दुसरी डिश बसली. मिहिर शिडीवरून उतरून घाम पुसत आला आणि आता सकाळीसुद्धा तुटणार नाही म्हणाला. खूश होता बिचारा. पंचशीलानं त्याला चहा दिला, त्याचे आभार मानले. रत्नम्माचं तिनं त्याला काही सांगितलं नाही. सांगून त्यानं काय करायचं होतं?

एका रविवारी उमादेवी सासूला भेटायला निघाली, तेव्हा पंचशीलाही तिच्याबरोबर गेली. जीपनं औराद, तिथून पुढं दुसरी जीप. रत्नम्मा परसात तुळशीपाशी बसली होती, पहिल्यापेक्षा वाळलेली. भाऊ म्हणाला, इकडं येऊनही बोलत नाही फारशी, पण घरात काम करते. तिनं पंचशीलाला ओळखलं. उठली, तांब्याभर पाणी आणून दिलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसत म्हणाली, "ऊटा आयता?"

जेवलीस का, एवढं कानडी पंचशीलाला आता कळत होतं. "आयतु," ती म्हणाली.

रत्नम्मानं मान हलवली. विचारायचं खूप होतं, पण ते ज्या भाषेत विचारायचं ती भाषा पंचशीलाला येत नव्हती, आणि ज्या भाषेत तिला येत होतं, त्या भाषेत म्हातारीला सांगायचं नव्हतं. घरात उमादेवी आणि रत्नम्माचा भाऊ मुलांच्या शाळेचं काहीतरी बोलत होते. पंचशीलानं तिची नाडी बघितली, बीपी बघितला, पायावरची सूज दाबून बघितली, आणि परतीची जीप लवकर भरते म्हणून उठली.

रत्नम्मा दारापर्यंत आली. जीप वळेपर्यंत ती तिथंच उंबऱ्यात उभी होती, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.